अर्धा अधिक पाव

आज पंचवटीतल्या शिकवणीत सहावीतल्या पोराने वहीत लिहिलं: १/२ + १/४ = २/६. वरचं वर, खालचं खाली, बेरीज करून मोकळा! म्हटलं, "अरे, २/६ म्हणजे १/३. अर्ध्या भाकरीत पाव मिळवली आणि भाकरी कमी झाली?" तो ढिम्म. तेवढ्यात आतून आजोबा ओरडले, "पाऊण रे, पाऊण!" शाळा चौथीपर्यंतच, पण पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे अजून तोंडपाठ. भाजीबाजारातला सगळा हिशोब तोंडी केलेला माणूस.

पोरगं म्हणतं, "सर, म्हणजे पाऊण किलोतलाच पाऊण?"

हो रे बाबा, तोच! मग छेद समान करायला दोन मिनिटं लागली. फी मात्र मी घेतो. (आजोबांनी चहा पाजला, तोही पाऊण कप.)