छातीचा एक्स-रे काढताना

खोकला दोन आठवडे झाले तरी हटेना, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'एक्स-रे चेस्ट, पीए व्ह्यू', म्हणजे किरण पाठीमागून सोडून काढलेला छातीचा फोटो. उपाशीपोटी यायचं का, असं सेंटरवर फोन करून विचारलं. "छे, पोटभर जेवून या. दागिने तेवढे कमी घाला."

मी फक्त मंगळसूत्र ठेवलं होतं, तेही काढावं लागलं. आतल्या कपड्यांचे हूकसुद्धा धातूचेच, म्हणून पडद्यामागे जाऊन त्यांचा गाऊन चढवला. पर्स ह्यांच्याकडे दिली. तरी टेक्निशियन ताई म्हणाल्या, "वेणी वर बांधा." केसांत एकही पिन नव्हती! पण जाड वेणीचीही सावली फुफ्फुसाच्या वरच्या भागावर उमटते, आणि मोठ्या माणसांत टीबीचा डाग बहुतेकदा तिथंच सापडतो. मग त्यांनीच मला रबर दिलं.

पाळी कधी आली होती, दिवस गेलेत का, हेही विचारलं. बाहेर सासरची माणसं बसलेली असली की बायका चटकन 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. शंका असेल तर आत गेल्यावर सांगा, पण सांगा.

उभं राहायची तऱ्हा मजेशीर. छाती गार पाटीला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर. नळावर भांडायला उभं राहावं तसं. शिवाय कोपरं पुढे ढकलायची, म्हणजे खांद्याची हाडं फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. किरण पाठीमागून, सहा फुटांवरून येतात. मशीन जवळ घेतलं तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

"श्वास घ्या... अजून घ्या... धरा!" खोकणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टाच. ताईंनी आधी मनसोक्त खोकू दिलं, पाणी प्यायला लावलं. अर्धवट श्वासात फुफ्फुसं पुरती फुलत नाहीत, फोटो पांढुरका येतो आणि नसलेला आजार असल्यासारखा वाटतो. टक् आवाज झाला, संपलं. दुखलं काहीच नाही. कपडे बदलायलाच जास्त वेळ गेला.

सासूबाईंना किरणांची धास्ती. छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (हे किरणं मोजायचं माप) किंवा त्याहून कमी किरणं मिळतात. माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. "मग ती बाई भिंतीआड का पळाली?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या ताई दिवसभर हेच काम करतात. अंगावर किती किरणं पडली ते मोजायला त्यांच्या कपड्यांवर बॅजही असतो.

रिपोर्टमध्ये उजवीकडे वर एक बारीक ठिपका निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "जुनी फिल्म आहे का?" कपाटात होती. दोन्ही शेजारी लावून पाहिल्या. ठिपका तेव्हाही तिथंच होता, तेवढाच. सीटी स्कॅनचा खर्च वाचला. खोकल्याचं औषध मात्र बदललं.