नऊ दिवसांनी कोळंबी

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज माशाच्या पिल्लाने खाल्लं. सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पाण्यावर तरंगत होता. खालून तिरकं वर आलं, क्षणभर थांबलं आणि तुकडा गट्ट. मी आईला हाक मारली. पोळी तव्यावर टाकून ती आली आणि पोळी करपेपर्यंत आम्ही दोघी टाकीसमोरच उभ्या.

मागच्या शुक्रवारी पहाटे पाचला पाणी भरायला उठले, तेव्हा ते फरशीवर पडलं होतं. साडेपाच इंचांचं, सिल्व्हर अरोवाना जातीच्या माशाचं पिल्लू, टाकीपासून हातभर लांब, अंगाला धूळ चिकटलेली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, एवढीच धुगधुगी. टाकीतच हात बुडवून ओले केले, ओंजळीत उचलून आत सोडलं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत. कोरडा हात किंवा फडकं लागलं की तोही जातो. आधी ते एका कुशीवर कलंडलं. बराच वेळ तळहाताच्या आधाराने फिल्टरच्या धारेसमोर धरून ठेवलं, तेव्हा कुठे सरळ झालं.

झाकणात फिल्टरच्या पाइपासाठी दोन बोटांची फट होती. अरोवाना ॲमेझॉनच्या पुरात बुडालेल्या रानात पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचे किडे टिपतो, हे मी वाचलेलं होतं. तरी फट तशीच ठेवली. ही चूक माझी.

उजेड झाल्यावर नीट पाहिलं. उजव्या कुशीचे सात खवले गेलेले, शेपटी दोन ठिकाणी चिरलेली, हनुवटीवरची डावी मिशी अर्ध्यावर तुटलेली. दुकानात विचारलं तर निळं औषध आणि अँटिबायोटिक, दोन्ही एकदम टाकायला सांगितलं. मी टाकलं नाही. जखम लाल नव्हती, सुजलेली नव्हती. शिवाय अशा औषधांनी फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले तर पाण्यात अमोनिया साचतो आणि दुखण्यात दुखणं वाढतं. त्यापेक्षा पाणी स्वच्छ ठेवायचं ठरवलं. टाकीत १२० लिटर पाणी. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने १२० ग्रॅम खडेमीठ विरघळवून थोडं थोडं सोडलं. रोज ३० लिटर पाणी बदलायचं, क्लोरीन मारून, तितकंच कोमट करून, आणि त्या ३० लिटरपुरतंच मीठ पुन्हा घालायचं. हीटर २८ अंशांवर. काचेला बाहेरून खाकी कागद, दिवा बंद, म्हणजे दचकून पुन्हा उडी मारायला नको. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

चौथ्या दिवशी शेपटीच्या चिरेला पांढरी कड दिसली आणि पोटात गोळाच आला. बुरशी! टॉर्च काचेला टेकवून पाहिलं, पण कापसासारखे तंतू नव्हते. कड सरळ होती, पातळ. दोन दिवसांत ती काचेसारखी पारदर्शक होत पुढे सरकली. पराचा नवा पडदा येत होता! त्या रात्री मला नीट झोप लागली.

अरोवानाचा नर अंडी आणि पिल्लं जवळजवळ दोन महिने तोंडात सांभाळतो. तिकडे नद्यांवर त्याला पकडून तोंडातून पिल्लं काढून घेतात आणि ती विकायला जातात. माझं पिल्लू तिथलं की कुठल्या मत्स्यशेतीतलं, दुकानदाराला सांगता आलं नाही. पण ते कुणाच्या तरी तोंडात वाढलेलं आहे, हे मनातून जात नाही. पुढे ते अडीच-तीन फुटांचं होईल. ही टाकी त्याला वर्षभरही पुरायची नाही, मोठीसाठी पैसे बाजूला काढायला लागलेय.

खवल्यांच्या जागी अजून फिकट डाग आहेत. मिशीचं बूड शाबूत आहे, त्यामुळे ती येईल अशी आशा आहे. रोज सकाळी आधी तिथेच नजर जाते. झाकणाची फट जाड स्पंजने बुजवली, वर दोन विटा ठेवल्या. आई मघाशी तिसरी ठेवून गेली.

पाचला पाणी येईल. बादल्या धुऊन ठेवल्यात.