वॉर्निंग्ज इग्नोर करून ठेवल्या होत्या, त्या साफ केल्या: माझा अनुभव

आमच्या ऑफिसात, आयटी पार्कजवळ, एक छोटं पायथॉन पॅकेज आहे. २०१९ मध्ये मीच सुरू केलेलं. मीटरचं रीडिंग वाचायचं अन् तारखेसकट साफ करून द्यायचं एवढंच त्याचं काम, पण चार प्रोजेक्ट त्याच्यावर उभे आहेत. मे महिन्यातली गोष्ट, बाहेर ऊन तापलेलं, कूलरचा आवाज सुरू, अन् टीममधल्या नवीन पोरानं हाक मारली, "दादा, हे तं इम्पोर्टच नाही होऊन राहिलं."

त्यानं पायथॉन ३.१२ वर नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती वेगळी पायथॉनची जागा) बनवलं होतं अन् एरर काय तर डिस्टयूटिल्स नावाचं, पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूलच नाही. माझ्याकडे पण ३.१२ च होतं अन् तिथे सगळं चालत होतं! अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी कळलं की डिस्टयूटिल्स ३.१२ मधून काढून टाकलंय, माझ्या मशीनवर सेटअपटूल्स (पॅकेज बांधायचीच वेगळी लायब्ररी) टाकलेलं होतं म्हणून ते आपली कॉपी पुढे करत होतं, आणि ३.१२ पासून नवीन एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही.

मला सगळ्यात जास्त हे लागलं की पायथॉननं आधीच सांगितलं होतं. ३.१० पासून वॉर्निंग होती, ३.१२ मध्ये काढणार असं त्यात चक्क लिहिलेलं. पण डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे 'हे पुढे काढणार, वापरू नका' असा इशारा, लायब्ररीच्या आतून आली तर पायथॉन ती बाय डिफॉल्ट दाखवत नाही, थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधली तेवढी दाखवतं. टेस्ट चालवायचं टूल पायटेस्ट दाखवतं, पण तिथे मी कधीतरी रिलीजच्या घाईत सगळ्यांना इग्नोर लावून ठेवलं होतं. ती एक ओळ काढली अन् टेस्ट चालवल्या तर स्क्रीन भरून वॉर्निंग्ज.

मग इग्नोरच्या जागी एरर लावलं, म्हणजे वॉर्निंग आली की टेस्ट फेल. एका बाहेरच्या लायब्ररीची वॉर्निंग आमच्या हातात नव्हती, तिच्यासाठी खाली वेगळा इग्नोर, तोही तिच्या मेसेजपुरताच. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, पायटेस्ट शेवटची जुळणारी ओळ धरतं.

डिस्टयूटिल्समधून आम्ही फक्त लूजव्हर्जन नावाचा क्लास घेत होतो, मीटरच्या फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) नंबर लहानमोठे ठरवायला. त्याच्या जागी पॅकेजिंग नावाच्या लायब्ररीतला व्हर्जन क्लास टाकला तर दुसऱ्याच टेस्टला अडकलं, कारण आमच्याकडे "२.१-एनजीपी" असले नंबर येतात अन् तो कडक नियमाचा आहे, असं काही दिसलं की सरळ इनव्हॅलिड म्हणतो. आधी शेपूट कापायचं छोटं फंक्शन लिहावं लागलं.

यूटीसीनाऊचं, म्हणजे आत्ताची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देणाऱ्या फंक्शनचं, तर अजून नाजूक. ३.१२ मध्ये ते डेप्रिकेट झालं, त्याऐवजी नाऊ या फंक्शनमध्ये टाइमझोन यूटीसी द्यायचा. बदल एका ओळीचा वाटतो, पण जुनी वेळ टाइमझोन नसलेली अन् नवीन असलेली, दोघींतली आधीची कोणती असं तपासलं की टाइपएरर. वर आयएसओ फॉरमॅटमध्ये (तारीख-वेळ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत) शेवटी अधिक ००:०० लागून आलं अन् बिलिंगवाल्यांची सीएसव्ही वाचणारी स्क्रिप्ट अडली. त्यांच्या टेबलाजवळ जाऊन बसलो, दोघांनी मिळून ती नीट केली, मगच बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केला.

त्यानंतर आमच्या स्वतःच्या जुन्या फंक्शनचं नाव बदलायचं होतं. जुनं ठेवलं, आत वॉर्निंग टाकली, नवीन नाव काय अन् कोणत्या व्हर्जनमध्ये जुनं जाणार हे दोन्ही मेसेजमध्ये लिहिलं. पहिल्यांदा वॉर्निंग आमच्याच फाइलची ओळ दाखवत होती, वापरणाऱ्याला त्यातून काय कळणार? वॉर्निंगला स्टॅकलेव्हल २ दिलं तेव्हा ते फंक्शन वापरणाऱ्याची ओळ दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टीममधल्या ताईंचा मेसेज आला, "टेस्टमध्ये माझीच फाइल अन् माझीच ओळ दाखवली, नाव बदलून टाकलं."