आमची वाटचाल: शेनझेनचा पत्ता आणि आमचा अडॅप्टर

राउटर, सेट टॉप बॉक्स आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना लागणारे १२ व्होल्टचे अडॅप्टर हा आमच्या पेढीचा मुख्य माल. सुरुवातीला तो लॅमिंग्टन रोडच्या आयातदारांकडून उचलून पुण्याच्या तपकीर गल्लीत विकायचो, पुढे चीनमधल्या, हाँगकाँगला लागून असलेल्या शेनझेन शहरातून थेट मागवू लागलो. सर्किट उघडून पाहिलं की अडॅप्टर अर्धाच कळतो. कारखाना शेनझेनच्या कुठल्या भागात आहे, इमारत कुणाची आहे आणि कामगार रात्री झोपतो कुठे, यावरून उरलेला अर्धा कळतो.

शेनझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ. आपल्याकडे सेझ म्हटलं की भिंत घातलेलं एखादं आवार डोळ्यांसमोर येतं. अंधेरीचं सीप्झ तसंच आहे, आणि ते १९७३ सालचं, म्हणजे शेनझेनच्याही आधीचं. शेनझेनचं क्षेत्र ऑगस्ट १९८० मध्ये मंजूर झालं आणि त्याचा पसारा ३२७.५ चौरस किलोमीटर होता. अर्ध्याहून जास्त मुंबई त्यात बसेल. कुंपण तिथेही होतं. क्षेत्र आणि उरलेला चीन यांच्यामध्ये सुमारे ८४ किलोमीटर तार ओढलेली, तिला 'दुसरी रेषा' म्हणत. पहिली रेषा हाँगकाँगच्या सीमेची. दुसरी ओलांडून आत यायला चिनी माणसालाही परवाना लागे.

रेषेच्या आत लुओहू, फुतियान, नानशान. बाहेर बाओआन आणि लोंगगांग. व्हिजिटिंग कार्डावर दोन्हीकडे शेनझेनच लिहिलेलं असल्यामुळे नवख्या खरेदीदाराला फरक कळत नसे. दरात मात्र तो असायचा. २००८ साली किमान मासिक वेतन आत १,००० युआन आणि बाहेर ९०० युआन होतं, जागेचं भाडंही बाहेर कमी. म्हणून विक्रीचं काउंटर आत आणि कारखाना बाहेर. १ जुलै २०१० पासून विशेष क्षेत्राची हद्द संपूर्ण शहराएवढी झाली आणि त्याच दिवसापासून किमान वेतन सगळीकडे १,१०० झालं. २०१५ मध्ये ते २,०३० होतं, २०२२ मध्ये २,३६०. दुसरी रेषा कागदोपत्री रद्द व्हायला जानेवारी २०१८ उजाडला, पण किमान वेतनातला फरक त्याआधीच मिटला होता. 'बाहेरचा म्हणून स्वस्त' असं सांगणारा दलाल २०१० नंतर भेटला तर समजावं, स्वस्ताई दुसऱ्याच कुठल्या तरी भागातून काढलेली आहे.

ती कुठून काढतात ते आधी सांगतो. चीनमध्ये घरगुती वीज २२० व्होल्टची. त्या हिशेबाने कारखाना इनपुटला ४०० व्होल्ट सोसणारा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, टाकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट म्हणजे एसी लाटेच्या शिखराला ३२५, तोवर ठीक. पण गावाकडे रात्री लोड उतरला की व्होल्टेज ३०० पर्यंत चढतं, मग शिखर ४२४ होतं आणि कपॅसिटर फुगून फुटतो. आम्ही मागणीपत्रात ४५० व्होल्टचा आणि १०५ अंशांचा कपॅसिटर लिहितो. ८५ अंशांचा बंद डब्यात उन्हाळे काढत नाही. सोबत इनपुटला व्होल्टेजचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर. प्रायमरी (घरच्या विजेची बाजू) आणि सेकंडरी (१२ व्होल्टची बाजू) यांच्यामधला वाय कपॅसिटर सुरक्षा-प्रमाणित हवा. त्याच्या जागी तसाच निळा साधा सिरॅमिक बसवतात, तो शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट ग्राहकाच्या हातात. वायर ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. २ अँपियरला २४ गेजच्या दीड मीटर तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट पडतो, मुलाम्याच्या वायरीत पाऊण. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होतो आणि गिऱ्हाईक कॅमेऱ्याला दोष देतं.

सगळ्यात नाजूक भाग ट्रान्सफॉर्मर, कारण लहान कारखान्यांत त्याचं गुंडाळणं आणि टेप लावणं अजून बरंचसं हातानेच होतं. दोन वाइंडिंगमध्ये टेपचे तीन थर हवेत. नवा हात घाईत दोनच घालतो. बाहेरून काही दिसत नाही. ३,००० व्होल्टची हायपॉट, म्हणजे दोन बाजूंमधलं इन्सुलेशन तपासणारी चाचणी एक मिनिट लावली की पितळ उघडं पडतं. एक मिनिटाऐवजी दोन सेकंद लावून शिक्का मारतात, तेव्हा चाचणीच्या टेबलापाशी घड्याळ घेऊन उभं राहावं.

आता हा नवा हात येतो कुठून, हे कळायला हुकोऊ, म्हणजे चीनमधली घरनोंदणी, समजून घ्यावा लागतो. रेशनकार्ड आणि अधिवासाचा दाखला एकत्र केला तर जे होईल, तसं काहीसं. माणूस हुनान किंवा सिच्वानच्या गावचा असेल तर त्याचा हुकोऊ तिथलाच राहतो, मग शेनझेनमध्ये दहा वर्षं राबला तरी. १९७९ साली तीन लाखांच्या आसपास वस्ती असलेला हा तालुका २०२० च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाखांवर गेला, आणि त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाकडेच शहराचा हुकोऊ होता. नसलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत जागा मिळणं कठीण, म्हणून अनेकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे. चिनी नववर्षाला शहर रिकामं होतं ते नुसत्या सणासाठी नाही. वर्षातून एकदा पोर दिसते, म्हणून माणूस जातो. गेलेल्यांपैकी बरेच त्याच कारखान्यात परतत नाहीत.

आमचं वेळापत्रक यावर बेतलेलं आहे. सणाआधी माल हवा तर ऑर्डर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पक्की करायची, कारण सुटे भाग आणि कार्टन बनवणारे कारखान्याच्याही आधी बंद होतात. सुट्टीआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत भरलेला माल घ्यायचा नाही. तेव्हा उरलेसुरले भाग संपवतात. सुट्टीनंतर पहिले दोन आठवडे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला द्यायचे नाहीत. त्या काळातला माल घ्यावाच लागला, तर नमुना-तपासणीऐवजी शंभर टक्के हायपॉट. शेनझेनच्या यानथियान किंवा शेकोऊ बंदरातून न्हावा शेवाला बोटीने पंधरा-वीस दिवस लागतात, ते वेगळे धरायचे.

इमारतीकडे वळू. दुसऱ्या रेषेबाहेरच्या बाओआन-लोंगहुआतल्या चार-सहा मजली कारखान्यांची मालकी बहुतेक वेळा पूर्वीच्या गावांकडे असते. ऐंशीच्या दशकात गावाने जागा आणि शेड द्यायची, हाँगकाँगच्या उद्योजकाने यंत्रं, कच्चा माल आणि नमुना आणायचा, गावाला प्रक्रियेची मजुरी, असा व्यवहार चाले. भातखाचरं भाड्याने गेली. पुढे गावाची मालमत्ता भागधारक कंपनीकडे आली आणि मूळ कुटुंबं तिची भागधारक झाली. हडपसरच्या मगरपट्ट्याची आठवण येईल, फक्त तिथे आधी आराखडा होता, इथे आधी भाडेकरू आला. २००४ साली शेनझेनने उरलेली सगळी गावंही नागरी करून टाकली. कागदावर शेतकरी उरला नाही, घरमालक म्हणून गाव उरलं.

त्याच गावकऱ्यांनी राहत्या जागेवर सात-आठ मजले चढवले. दोन इमारतींच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल इतकं अंतर, म्हणून नाव पडलं 'हस्तांदोलन इमारती'. पूर्वी कारखान्याच्या वसतिगृहात आठ-बारा जणांची खोली पुरायची. नंतरच्या पिढीला नवरा-बायकोची स्वतंत्र खोली हवी होती, ती इथे परवडायची. गाव पाडलं की ही खोली जाते, खोली गेली की कामगार दूर जातो आणि मागोमाग कारखाना. नानशानमधल्या बाइशिझोऊ या अशाच गावात दीड लाखाच्या आसपास माणसं राहत होती. २०१९ मध्ये ती घरं रिकामी करायला सुरुवात झाली. शहरी पुनर्विकासाचे नियम २००९ मध्ये आले, तेव्हापासून घरमालक गावाला कारखान्याच्या भाड्यापेक्षा बिल्डरशी भागीदारी गोड वाटते.

फुतियानमधल्या हुआछियांगबेईचं थोडक्यात. १९८८ पासूनचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, जेमतेम एक मीटरच्या काउंटरांचा. नमुना बघायला, भाव काढायला उत्तम. उत्पादनासाठीचे आयसी, म्हणजे चिप, तिथून घेऊ नयेत. 'सुटा नवा' म्हणून मिळतो त्यात जुन्या बोर्डावरून काढून पाय पुन्हा कलई केलेला माल असतो. ॲसिटोनने पुसल्यावर अक्षरं निघाली तर परत करावा. मेट्रोच्या कामासाठी मुख्य रस्ता २०१३ ते जानेवारी २०१७ बंद होता, तेवढ्यात गिऱ्हाईक मोबाईलवरून ऑर्डर द्यायला शिकलं. पुढे काही इमारतींत फोनच्या जागी सौंदर्यप्रसाधनं आली.

आमच्यासारख्यांना खरा फटका बसतो तो पत्ता बदलण्याचा. २०१३ पासून भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी टप्प्याटप्प्याने लागू झाली; पुढे अडॅप्टरही तिच्याखाली आले. ही नोंदणी मिळते ती कारखान्याला आणि त्याच्या पत्त्याला. बाओआनचा कारखाना शेजारच्या हुइझोऊ किंवा डोंगग्वान शहरात गेला, मालक तोच, यंत्रं तीच, तरी आधीचा क्रमांक तिथे चालत नाही. नमुने पुन्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, अहवाल, अर्ज, सगळं नव्याने. जुना क्रमांक छापून माल पाठवला तर कस्टममध्ये अडकतो आणि तिथे माल ठेवण्याचं भाडं दिवसागणिक चढत राहतं.

म्हणून नवीन कारखान्यात आम्ही सोल्डरिंग लाइन बघायच्या आधी भाडेकरार मागतो. मुदत दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर नोंदणीचा खर्च तिथे घालत नाही. कारखान्याच्या परवान्यावरचा पत्ता, भाडेकराराचा पत्ता आणि आपण उभे आहोत ती जागा, तिन्ही जुळली पाहिजेत. आजूबाजूच्या भिंती पाहाव्यात: लाल रंगात, वर्तुळात 'छाय' हे अक्षर रंगवलेलं असेल तर ती इमारत पाडायची आहे. तळमजल्यावर प्लास्टिक मोल्डिंगची यंत्रं असतील तर मालक लवकर हलणार नाही, ती जड यंत्रं उचलणं महाग पडतं. नुसती जुळणीची टेबलं असलेला कारखाना मात्र एका रविवारात रिकामा होतो.

आणि साचा. अडॅप्टरच्या खोक्याचा स्टीलचा साचा आपल्या पैशाने केलेला असतो, पण राहतो कारखान्यात. स्थलांतरात तो सगळ्यात शेवटी गाडीत चढतो आणि सगळ्यात आधी हरवतो, किंवा भंगारात जातो. त्यावर पेढीचं नाव आणि क्रमांक कोरून घ्यायचा, वजनासह फोटो काढायचे, मालकी आपली असल्याचं शिक्क्यानिशी लिहून घ्यायचं आणि शेवटची ३० टक्के रक्कम ते पत्र हातात आल्यावरच सोडायची. नवा साचा करायला महिना-सव्वा महिना जातो, आणि प्लग आपल्याकडच्या गोल पिनांचा असल्यामुळे चिनी गिऱ्हाइकाचा साचा उसना घेऊन काम भागत नाही.