हॉक्सबरीवरची दोराची फेरी

सिडनीपासून साधारण ७५ किलोमीटरवर, हॉक्सबरी नदीच्या काठी रस्ता सरळ पाण्यात उतरतो. गावाचं नावच वाइझमन्स फेरी. पुढचा रस्ता समोरच्या काठावर दिसत असतो, मधे पूल नाही, गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेणारी बोट आहे, तीच फेरी. भाचीने गाडी रांगेत लावली. मी पाकीट काढलं तर म्हणाली, "मामा, राहू द्या, इथे पैसे घेत नाहीत." दिवसरात्र चालणारी ही फेरी म्हणजे सरकारच्या लेखी रस्त्याचाच एक तुकडा! हे मला फार भावलं.

बोट सपाट, दोन्ही तोंडांनी सारखी. एका बाजूने गाड्या चढतात, दुसऱ्या बाजूने उतरतात, त्यामुळे वळवायची भानगड नाही. सुकाणूही लागत नाही, कारण काठापासून काठापर्यंत पोलादी दोर टाकलेले असतात आणि इंजिन त्या दोराला धरून बोट ओढत नेतं. मी काचेतून बघत होतो. पुढचा दोर निथळत वर येत होता, मागचा पुन्हा तळाशी जात होता. तो असा बुडतो म्हणूनच इतर होड्यांना वाट मिळते. समुद्र दूर असूनही इथवर भरती-ओहोटी पोचते, पण प्रवाह कुठेही ओढत असला तरी बोट आपली वाट सोडत नाही. मोठ्या पुरात मात्र फेरी बंद ठेवावी लागते.

ही फेरी सुरू झाली १८२७ मध्ये. सॉलोमन वाइझमन हा टेम्सवर मालाच्या होड्या चालवणारा माणूस. लाकूडचोरीपायी फाशीची शिक्षा झाली, ती बदलून काळं पाणी मिळालं आणि १८०६ मध्ये तो इथे आला. पुढे सुटका, जमीन आणि नदी ओलांडून देण्याचा धंदा. अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी दारुग लोक या नदीला दियारबिन म्हणत होते. गावाने नाव वाइझमनचं घेतलं, याचं मला वाईट वाटतं.

आम्हा बडोदेकरांची नदी म्हणजे चांदोदची नर्मदा. तिथून होडीने करनाळीला कुबेरभंडारीच्या दर्शनाला जायचं, हे दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांचं ठरलेलं. पण त्या फेरीवर मला आठवली ती मही. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळचा गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली आणि दोन्ही काठांच्या गावांना रोजच्या कामासाठी लांबचा वळसा पडला. मही तिथे फार रुंद आहे, भरतीचा जोरही मोठा. दोराची फेरी तिथे चालेल असं मी म्हणत नाही. पण पूल नसला तरी पलीकडे पोचवण्याची जबाबदारी सरकारचीच, आणि तीही फुकट, हा विचार आपल्याकडे यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पलीकडे उतरलात की सेटलर्स रोडने डिव्हाइन्स हिलपर्यंत जा. कैद्यांनी १८२६ ते १८३६ या काळात बांधलेला ग्रेट नॉर्थ रोड तिथे चढत जातो, २०१० पासून त्याचा हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी भिंती बघायला पायीच चढा, पाणी बरोबर ठेवा. परतताना सेंट ऑल्बन्स गावावरून मॅकडॉनल्ड नदीच्या दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने आलात तर वेब्स क्रीकची फेरीही मिळते. तीसुद्धा दोराचीच, आणि फुकट.