मानसिक आरोग्याच्या कामाचा पाया शिकताना

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात मी मानसिक आरोग्य हा विशेष विषय घेतला, तेव्हा अभ्यासाचा ढीगच समोर आला. मानवी विकासाचे टप्पे, मुलाच्या सांभाळणाऱ्यांशी जडणाऱ्या नात्याबद्दलचा बोल्बीचा अटॅचमेंटचा सिद्धांत, आजारांचं वर्गीकरण, मुलाखतीचं तंत्र, व्यवसायाची नीतितत्त्वं. प्रत्येकाचा पेपर वेगळा. समोर माणूस येऊन बसला की यातलं आधी काय आणि नंतर काय, हे मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं. तो क्रम मला क्षेत्रकार्यात, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, हळूहळू सापडत गेला.

सगळ्यात जास्त मदत झाली ती जॉर्ज एंगेल यांच्या मांडणीची. आजाराकडे फक्त शरीरातला बिघाड म्हणून पाहणं पुरेसं नाही; शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार हवा, असं या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ मध्ये मांडलं. समाजकार्यातून आलेल्यांना यातली परिस्थिती लगेच दिसते. नोकरी गेलीय, कर्ज आहे, घरात मारहाण होते, हे आपण पटकन टिपतो. म्हणूनच नव्याने शिकणाऱ्यांनी मुद्दाम शरीरापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. सततचा थकवा, मंदपणा, कशातच रस नसणं हे नैराश्य असू शकतं, तसंच थायरॉइड कमी काम करत असल्याचं किंवा बी-१२ च्या कमतरतेचं लक्षणही असू शकतं. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, तर कारण एखादा संसर्ग किंवा औषधाचा परिणामही असू शकतो, आणि तिथे समुपदेशनाची नाही, डॉक्टरांची तातडीने गरज असते. कोणती औषधं चालू आहेत, झोप कशी आहे, दारू किंवा इतर नशा आहे का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते.

डीएसएम-५ आणि २०२२ पासून लागू झालेलं आयसीडी-११ ही आजारांची वर्गीकरणं मी वाचली ती टीममधलं बोलणं कळावं म्हणून. निदान करणं माझं काम नव्हतं.

खरा घाम काढला तो मानसिक स्थितीच्या तपासणीने, जिला सगळे एमएसई म्हणतात. पेहराव, वागणं, बोलण्याची गती, मनःस्थिती, विचार, भास, स्मृती, स्वतःच्या आजाराची जाण अशी तिची यादी पाठ व्हायला वेळ लागत नाही. अवघड असतं ते पाहिलेलं जसंच्या तसं लिहिणं. 'उदास होती' असं लिहिण्याऐवजी 'नजर खाली, आवाज बारीक, प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ गप्प' असं लिहावं लागतं. माझ्या सुपरव्हायजर मॅडम प्रत्येक अहवालावर एकच प्रश्न विचारायच्या, "हे तुला दिसलं की वाटलं?" माणूस स्वतःच्या मनाबद्दल जे सांगतो ते एका ठिकाणी आणि चेहऱ्यावर जे दिसतं ते दुसऱ्या ठिकाणी, हा भेदही तिथेच पक्का झाला. "मी मजेत आहे" म्हणताना डोळे भरून येत असतील, तर दोन्ही नोंदी हव्यात.

यासाठी प्रोसेस रेकॉर्डिंगला पर्याय नाही. भेट संपल्यावर आठवेल तितका संवाद शब्दशः लिहायचा, आणि शेजारच्या रकान्यात त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. फार वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे. पण मी कुठे घाईने सल्ला देते, कोणत्या विषयावर प्रश्न बदलते, हे दुसऱ्या कशातूनही इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा चिन्हांनी काढलेला नकाशा, मात्र मला पहिल्यापासून आवडला. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, मृत्यूला फुली, अशा तीन पिढ्या कागदावर उतरतात. डोळ्यांत पाहून बोलायला अवघडणारी माणसं कागदाकडे बघत सहज बोलू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. "या काकांचं काय झालं?" एवढ्या प्रश्नातून वर्षानुवर्षं न उच्चारलेली आत्महत्या बोलण्यात आली आहे.

आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिकणं हा या सगळ्या शिक्षणातला सगळ्यात जड भाग होता. विचारलं तर तो विचार डोक्यात भरवल्यासारखं होईल, ही भीती जवळपास सगळ्यांना असते. संशोधनातून तिला आधार मिळत नाही. अनेकांना उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. आम्ही वर्गात जोड्या करून ते वाक्य मोठ्याने म्हणायचो, "स्वतःला संपवावं असं वाटतं का?" आडून विचारायचं नाही, 'तसलं काही मनात नाही ना?' असं नकार सुचवणारं तर मुळीच नाही. उत्तर हो आलं तर पुढचे प्रश्न ठरलेले: कसं करायचं याचा विचार झालाय का, साधन हाताशी आहे का, याआधी प्रयत्न केला होता का. आधीचा प्रयत्न ही धोक्याची फार मोठी खूण असते. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली की मी एकूण गुणांआधी नववा, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा प्रश्न बघते. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर त्यावर बोलल्याशिवाय भेट संपवत नाही.

यातूनच गोपनीयतेचा प्रश्न येतो. फेलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये समाजकार्यासाठी मांडलेल्या सात तत्त्वांत गोपनीयता आहे आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्कही आहे. जीव धोक्यात असताना ही दोन्ही तत्त्वं ताणली जातात. म्हणून मर्यादा आधीच सांगायची: "तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर मला इतरांना सांगावं लागेल." हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि ते 'इतर' म्हणजे नेमकं कोण, हेही क्षेत्रकार्याच्या पहिल्याच आठवड्यात सुपरव्हायजरकडून लिहून घ्यावं. धोका दिसला तर आधी फोन कुणाला, ती व्यक्ती नसेल तर पुढे कुणाला, आणि तोवर त्या माणसाजवळ कोण थांबणार.