फिश फाइंडरवर माकूल ओळखताना

गणेश पेठेतील मासळी बाजारातून आणलेले माकूल (स्क्विड) साफ करताना डोके ओढले, की आतडी आणि शाईची पिशवी त्याच्याबरोबर बाहेर येते. मग बोटे आत घालून पाठीच्या बाजूची एक पारदर्शक, लवचीक पट्टी हलक्या हाताने ओढून काढावी लागते. सुकलेल्या पिसासारखी दिसणारी ही पट्टी एवढाच त्याचा सांगाडा. बाकी सारे मऊ मांस. आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात ती पट्टी मी अनेकदा हातात धरली आहे, पण समुद्रावर माकूल शोधण्याशी तिचा काही संबंध असेल, हे हर्णैला एक रात्र रिकाम्या हाताने परतेपर्यंत ध्यानात आले नव्हते.

त्या रात्री लहान होडीवर फिश फाइंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालची मासळी पडद्यावर दाखवणारे यंत्र होते, आणि पडद्यावर लाल-पिवळ्या ठळक कमानी सारख्या उमटत होत्या. प्रत्येक कमानीखाली आम्ही गळ सोडला, पण एकही माकूल लागले नाही. यंत्र स्वयंचलित मांडणीवर ठेवलेले होते, आणि त्या मांडणीत क्षीण प्रतिध्वनी कचरा समजून गाळले जातात. म्हणजे जे हवे होते, नेमके तेच पुसले जात होते.

होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आपल्या कानांना ऐकू न येणारा, बहुधा २०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी खाली सोडतो. खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, त्यामुळे आठ वाव, म्हणजे साधारण १५ मीटर पाण्यात तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. वाटेत घनता जिथे एकदम बदलते, तिथून प्रतिध्वनी उमटतो. माशाचे मांस घनतेने पाण्याच्या जवळपासच असते. ठळक खूण उमटते ती मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. घोळ माशाची जी पिशवी परदेशात मोठ्या किमतीला विकली जाते, तीच ही. माकुलाला ती नसते. त्याचा भाईबंद असलेल्या कटलफिशच्या पाठीत निदान समुद्रफेन असतो आणि त्याच्या बारीक कप्प्यांत वायू असतो. माकुलाकडे फक्त ती पिसासारखी पट्टी. त्याचा प्रतिध्वनी फिकट येतो, यात यंत्राचा काहीच दोष नाही.

दुसऱ्या खेपेला, डिसेंबरात, आम्ही अष्टमीच्या भांगाचे, म्हणजे कमी ओढीच्या भरती-ओहोटीचे पाणी मुद्दाम निवडले, कारण उधाणात ओढ इतकी असते की गळ होडीखाली राहतच नाही. होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ भागाच्या कडेला नांगर टाकला. मी स्वयंचलित मांडणी बंद केली, गळ ट्रान्सड्यूसरच्या अगदी शेजारून सोडला आणि तो खाली जाताना त्याची तिरकी रेघ पडद्यावर स्पष्ट दिसेपर्यंत यंत्राची संवेदनक्षमता हळूहळू वाढवत नेली. पडद्यावर थोडे ठिपके माजले तरी चालतात. स्वतःचा गळ दिसत नसेल, तर माकूल दिसण्याची आशा धरू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

दिवसा माकुले तळालगत असतात आणि अंधार पडला की वर सरकतात. तळालगत असताना त्यांना ओळखणे फार कठीण जाते, कारण ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा झोत १५ मीटरवर सव्वापाच मीटर रुंद होतो, आणि तळ उंचसखल असेल तर उंच खडकाचा प्रतिध्वनी आधी येऊन शेजारच्या खोलगट जागेतील सारे काही झाकून टाकतो. म्हणून आम्ही सूर्यास्तानंतर तासभर थांबलो. मग लहान मासळीच्या दाट ठिपक्यांखाली, तळापासून दीड वाव वर, निळसर धुरासारखा एक पट्टा दिसू लागला. त्याला कमान नव्हती आणि कडाही नव्हती.

मी बोट दाखवले, तेव्हा तांडेलकाका म्हणाले, "साहेब, रेघ त्या धुरात जाऊ द्या, मग थांबवा." रेघ धुरात शिरली, मी दोर दोनदा हलकेच उचलला आणि तिसऱ्यांदा ओले फडके अडकावे तसा भार हाताला जाणवला. एगीच्या, म्हणजे माकुलासाठीच्या खास गळाच्या काट्यांना मागे वळलेला आकडा नसतो, म्हणून दोर क्षणभरही सैल न सोडता ओढत राहावे लागते. वर आलेल्या माकुलाच्या अंगावरचे तांबूस ठिपके श्वास घेतल्यासारखे मोठे होत होते, मिटत होते, पुन्हा पसरत होते. शाईची पिचकारी माझ्या बाहीवर उडाली.

लांबवर एका नौकेवर प्रखर दिवे लागले होते. एलईडीच्या झोतात मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे असे मला मनापासून वाटते. किनाऱ्यालगतची माकुले साधारण वर्षभरच जगतात; अंडी घालण्याआधी थवेच्या थवे उचलले, तर पुढच्या वर्षी काय उरणार? गळाला एका वेळी एकच लागते. आम्ही अकरा धरली.

रात्री दहाच्या सुमारास धूर तसाच होता, पण गळाची रेघ मध्येच तुटू लागली आणि मग दिसेनाशी झाली. मी संवेदनक्षमता आणखी वाढवू लागलो, तर काकांनी पाण्यात तिरका गेलेला दोर दाखवला. "पाणी ओढायला लागलं. गळ आता यंत्राखाली नाही, पार मागे गेलाय," असे म्हणून ते नांगर उचलायला नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे गेले.